तंजावरचं न झाडलेलं अंगण

माझ्या पायाला भिंगरी आहे असं माझी आई म्हणायची. नवरा आता तेच म्हणतो, फक्त जरा चिडून. मे महिन्यात लोक महाबळेश्वरला जातात, नाहीतर गेला बाजार कोकणात. मी साप बघायला जाते. पकडायला नाही, मारायला तर नाहीच नाही, नुसती बघायला. कराडला माझं बी-बियाण्यांचं दुकान आहे. उसात साप निघाला की आमच्याकडचे शेतकरी आधी मला फोन करतात आणि मग देवाला हात जोडतात. पण उसातला तो साप म्हणजे माणसांनी घेरलेला, काठ्यांनी भ्यालेला. मला हवा असतो आपल्या वाटेनं चाललेला, माझी काडीचीही पर्वा नसलेला साप. त्यासाठी रस्ते धुंडाळावे लागतात. दिवसभर तापलेल्या रस्त्यावर संध्याकाळी साप ऊब घ्यायला येतात, आणि रस्ता वाळूचा असेल तर साप नाही दिसला तरी त्याची वाट दिसते.

यंदा मी तंजावरला निघाले तेव्हा दुकानातला पोरगासुद्धा हसला. "काकी, तिकडं तर भाताची शेतं. वाळवंट कुठलं?" त्याला काय माहीत! धरणाचं पाणी सुटायच्या आधी, ऐन उन्हाळ्यात, कावेरी आणि तिचे सगळे फाटे कोरडे ठक्क पडतात. या काठापासून त्या काठापर्यंत नुसती वाळू. त्या वाळूतून ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या जातात, चाकोऱ्यांतून मोपेडी जातात, आणि ऐकीव माहिती अशी की त्याच वाळूत मांडूळ अजून मोकळं फिरतं. आमच्याकडे पैशांचा पाऊस पाडतं म्हणून मांडूळ पोत्यात घालून विकायची अवदसा लोकांना आठवली, तेव्हापासून मोकळं मांडूळ मी पाहिलेलं नाही. म्हणून निघाले.

मिरजेच्या माझ्या मैत्रिणीचे एक लांबचे नातलग तंजावरला राहतात, गोविंद राव. पिढ्यान्‌पिढ्या तिकडंच राहिलेली मराठी माणसं. राव वीज कचेरीत नोकरीला आहेत. मी एखादा बरा लॉज सुचवा म्हणून फोन केला, तर पलीकडून जुन्या पोथीतलं मराठी तमिळ चालीत ऐकू आलं.

"लॉज कशाला हो विजयाबाई? आम्च्या घरी या. तुम्हांस सर्पच पाहावयाचा ना? आम्च्या घरांतच एक आहे."

मला वाटलं, माणूस थट्टा करतोय.

पुदु आरूच्या काठी

राव घ्यायला स्टेशनवर आले होते. थट्टा करणारा माणूस नव्हता तो. डोळ्यांखाली काळं आलेलं, शर्टाची इस्त्री बिघडलेली. शहर सोडून ओरत्तनाडूच्या रस्त्याला लागलो. पुदु आरू, म्हणजे नवी नदी, असं नाव असलेला एक भला मोठा कालवा त्या बाजूनं जातो. त्यात तेव्हा पाणी नव्हतं, शेळ्या होत्या. काठावर नारळीच्या बागेत रावांचं नवंकोरं घर. गेल्या वर्षापर्यंत हे कुटुंब राजवाड्यामागच्या गल्लीत भाड्यानं होतं.

दारात रावांची आई उभी होती, काशीअम्मा. सत्तरीची, काटक बाई. नाकात दोन्ही बाजूंना चमकी, नऊवारी नाही पण काष्टा असावा असं चालणं. मला वरपासून खालपर्यंत बघून त्या म्हणाल्या, "इतक्या लांबून सर्प पाहावयास आलीस! तुझ्या घरचे उगे कसे राहिले ग?"

"त्यांनी नाद सोडलाय माझा," मी म्हटलं. अम्मा खुदकन हसल्या आणि तिथंच आमचं जमलं.

जेवण काय सांगू! केळीच्या पानावर भात, चिंचेची आमटी, कोशिंबीर, दह्यात कालवलेलं डांगर. शेवटी ताकभाताबरोबर तळलेली मोर मिळगाय. चावून बघते तर आपली सांडगी मिरची! एवढ्या लांब येऊन तिनं नाव बदललं होतं, तिखटपणा मुळीच सोडला नव्हता. मी तीन खाल्ल्या आणि डोळ्यांतून पाणी काढत बसले. अम्मा म्हणाल्या, "असकं संपव. पानांत टाकू नये." असकं म्हणजे सगळं. हा शब्द आपण कधीच हरवून बसलोय आणि या बाई तो रोज ताटात वाढतात.

तेवढ्यात माझं लक्ष गेलं. मधल्या खोलीत तुळईच्या आकड्याला जुन्या लुगड्याची झोळी टांगलेली होती. बाळाची झोळी. रिकामी.

मग रावांनी सांगितलं. त्यांची बायको मंजुळा, आणि तीन-चार महिन्यांचं बाळ. एका संध्याकाळी बाळ झोळीत होतं आणि खिडकीच्या चौकटीवरून साप खाली उतरताना मंजुळेनं पाहिला. ती किंचाळली, बाळाला झोळीतून उचललं आणि तशीच तडक माहेरी गेली. माहेर राजवाड्यामागच्या गल्लीतच. दीड महिना होऊन गेला. "सर्प सांपडेपर्यंत मी येत नाही," एवढं एकच वाक्य. सर्पमित्र येऊन गेले, त्यांना काही सापडलं नाही. भिंतींची भोकं बुजवली, अंगणात कसलं कसलं औषध टाकलं. तिचं वाक्य तेच.

"आणि अम्मा?" मी विचारलं.

"अम्मा गेल्या नाहींत न्यावयास. ती अम्माशीं बोलत नाहीं. अम्मा तिच्याशीं बोलत नाहींत." राव खाली बघून म्हणाले. "बाळ पालथं पडावयास लागलंय मणून फोनवर व्हिडिओ आला. अम्मांनीं तो किती वेळां पाहिला, विचारूं नका."

मी मांडुळासाठी आले होते हो! माझ्या मनात स्पष्ट आलं, की बाई ग, या सासवा-सुनांच्या भानगडीत पडू नकोस. पण त्या रिकाम्या झोळीवर अम्मांनी जाता जाता हात टाकला आणि तिला एक झोका दिला, सवयीनं.

वेण्णारच्या वाळूत

रोज पहाटे मी रावांची मोपेड घेऊन वेण्णार नदीच्या पात्रात उतरायची. वेण्णार हा कावेरीचाच एक फाटा. उजाडताना ती वाळू अशी दिसायची की घरी कुणीतरी परातीत रवा चाळून ठेवलाय. रात्रभरात त्यावर कोण कोण फिरलं ते सगळं उमटलेलं. कोल्ह्याची पावलं, टिटवीची पावलं, खेकड्याची टोचटोच. आणि मधूनच एखादी नागमोडी रेघ. ती दिसली की झालं! रेघेमागे निघायचं, आणि ती हमखास एखाद्या ट्रॅक्टरच्या चाकोरीत जाऊन पुसली जायची.

एकदा मोपेडचं मागचं चाक असं रुतलं की काही केल्या निघेना. मी हातांनी वाळू उपसतेय, तोंडानं शिव्या चाललेल्या. लांबून एक शेळ्यावाला आजोबा बघत होता. तो जवळ आला, बसला आणि माझ्याबरोबर वाळू उपसायला लागला. बराच वेळ उपसली. चाक निघालं तरी आजोबा आपला उपसतोच आहे. मग मोडक्या इंग्रजीत त्यानं विचारलं, "गोल्ड? चेन?" मी दागिना शोधतेय असं समजून बिचारा कंबर मोडेस्तोवर खणत होता. मी हाताची नागफणी करून दाखवली. त्यानं माझ्याकडे बघितलं, आकाशाकडे बघितलं, काठी उचलली आणि एक शब्द न बोलता शेळ्या घेऊन निघून गेला.

संध्याकाळी डांबरी रस्ते. भाताचे पेंढे लादलेले ट्रक त्याच वेळी निघतात. त्यामुळे रस्त्यावर साप सापडायचे ते चिरडलेले. एक घोणस, दोन पाणदिवड, एक तर ओळखताच येईना. प्रत्येक वेळी उतरायचं, काठीनं त्याला कडेला सारायचं आणि पुढं जायचं. जिवंत म्हणाल तर एक धामण. चांगली पुरुषभर लांब, रस्ता ओलांडून नारळीत गेली. जाताना थांबली, जीभ काढून हवेचा अंदाज घेतला आणि गेली. तेवढ्यानं माझा तो दिवस गोड झाला. पण मांडुळाचा पत्ता नाही, आणि मला कुठं स्वस्थ बसवेना. दुपारी उन्हानं सगळं गाव दारं लावून झोपायचं तेव्हा मी ओट्यावर येरझाऱ्या घालायची. अम्मा आतून ओरडायच्या, "बैस की ग एके ठिकाणीं! तुला पाहूनच मला घाम येतो!"

खरं सांगायचं तर वाळूतली रेघ शोधताना माझं अर्धं लक्ष त्या झोळीतच अडकलेलं असायचं. घरात खरंच साप आहे का? आहे तर कुठला? हे मला सुटत नव्हतं आणि न सुटलेली गोष्ट मला जेवू देत नाही.

राजवाड्यामागची गल्ली

शेवटी मीच उठून मंजुळेकडे गेले. राजवाड्याच्या मागं अरुंद गल्ल्या आहेत. घरांच्या दारांवर तमिळमध्ये नावं लिहिलेली आणि आतून ऐकू येतं, "अहो, ऐकलंत कां?" मला तर गलबलूनच आलं. एका घरी पत्ता विचारला तर त्या बाईंनी पत्ता सांगायच्या आधी कापी पाजली. कापी म्हणजे कॉफी. वाटीत ओतून, उंचावरून फेस काढून. आपल्याकडे पत्ता विचारला तर लोक आधी विचारतात, काम काय!

मंजुळा बारीकशी, पंचविशीतली, डोळे मोठे. बँकेत नोकरी, बाळासाठी रजेवर. मराठी तिला सगळं कळत होतं, बोलताना मात्र दर वाक्यात तमिळवर उडी मारायची. बाळ माझ्याकडे बघून हसलं आणि लगेच माझ्या खांद्यावर ओकलं.

"साप कसा होता?" मी विचारलं.

"काळा. पट्टे होते, पांढरे."

मी सावध झाले. पट्टेवाला काळा म्हणजे दोनच शक्यता. एक मण्यार, जहाल विषारी, चावलेलं कळतसुद्धा नाही असा. दुसरा कवड्या, साधा बिनविषारी, पाली खाऊन जगणारा. दोघं एकमेकांसारखे दिसतात म्हणून कवड्या उगाच मार खातो. कवड्याचे पट्टे मानेपासून ठळक असतात आणि शेपटीकडे पुसट होतात, मण्यारीचं नेमकं उलटं.

"पट्टे मानेकडे जास्त होते की शेपटीकडे?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की मलाच माझा प्रश्न वेड्यासारखा वाटला. "माझं बाळ त्याच्या खाली होतं. मी पट्टे पाहात बसू?"

"बरं बाई, चुकलं माझं. पण तो चौकटीवर चढला होता ना? मण्यार सहसा भिंतीवर चढत नाही. कवड्या सरसर चढतो. बहुतेक कवड्याच असणार."

"बहुतेक," ती म्हणाली. "तुम्ही बहुतेकच्या खाली तुमचं बाळ निजवाल?"

नाही निजवणार. कोण निजवेल? निघताना ती दारापर्यंत आली, काहीतरी बोलायला म्हणून तोंड उघडलं आणि नुसतंच बाळाचं टोपडं सारखं केलं. मग म्हणाली, "अम्मा जेवतात ना बरोबर?" मी हो म्हटलं. ती आत गेली.

परत येताना मोपेडवर मी ठरवून टाकलं. मांडूळ गेलं खड्ड्यात. आधी हा साप.

झाडू आणि पीठ

जे वाळूत जमतं ते घरात का जमू नये? सगळ्या अंगणावर, ओट्यावर, भिंतींच्या कडेनं तांदळाचं बारीक पीठ चाळून टाकायचं आणि सकाळी बघायचं कोण कुठून कुठं गेलं. साधी गोष्ट. अडचण एकच होती. उजाडायच्या आधी उठून काशीअम्मा अंगण झाडायच्या, सडा टाकायच्या आणि दारात कोलम घालायच्या. आपण रांगोळी घालतो ती सणावाराला, किंवा चार चिमटीत उरकतो. तिकडं कोलम रोज, पाऊस असो की ऊन, आणि घालायचं ते तांदळाच्याच पिठानं, मुंग्यांच्या तोंडी दोन कण पडावेत म्हणून. म्हणजे रात्रभरात उमटलेलं सगळं या बाई रोज स्वतःच्या हातानं धुऊन काढत होत्या.

मी म्हटलं, "अम्मा, उद्या एक दिवस झाडू नका. सडा नको, कोलम नको."

त्यांचा चेहरा बघून मी दचकले. "काय बोललीस?"

राव मध्ये पडले. "विजयाबाई, आम्च्याकडे वासलीं कोलम नसणं मणजे..." वासल म्हणजे दारापुढची जागा. ते अडखळले. "घरांत कोणी गेलं, तरच त्या दिवशीं घालत नाहींत."

"अहो पण कुणी गेलेलं नाही ना!"

"लोकांस काय माहीत?" अम्मा कडाडल्या. "माझं लग्न होऊन या घराण्यांत आले तेव्हांपासून वासल रिकामी राहिली ती तुझ्या सासऱ्यां..." त्या रागाच्या भरात मला सून समजूनच बोलल्या आणि थांबल्या.

मीही काही कमी तापट नाही. मी म्हटलं, "मग राहू दे. कोलम घाला रोज, आणि नातवाला फोनमध्ये बघा." बोलून गेले आणि जीभ चावली. पाहुणी मी, आणि हे काय बोलून बसले!

अम्मा उठून आत गेल्या. मला वाटलं, आता आपलं सामान बाहेर येणार. आल्या त्या पिठाचा डबा घेऊन. तो माझ्या पुढ्यात आदळला. "एक दिवस," त्या म्हणाल्या. "आणि सर्प निघाला नाहीं, तर तुलाच झाडूनें झाडीन."

न झाडलेली सकाळ

पहाटे उठून बघते तर अंगणभर सगळी वर्दळ उमटलेली. मांजर येऊन गेलं होतं. बेडकाच्या उड्या होत्या. पालींच्या पावलांची तर जत्रा! आणि धुण्याच्या दगडाखालून निघालेली एक बारीक, करंगळीएवढी नागमोडी रेघ ओट्यापर्यंत आली होती. ओट्यावरून भिंतीकडे, आणि भिंतीवर जिथं विजेच्या मीटरची लाकडी पेटी ठोकलेली होती, त्याच्या बरोबर खाली संपली होती. वर ट्यूबलाइट. दिव्याला किडे, किड्यांना पाली, पालींना साप. माझा आनंद गगनात मावेना. मी टाळी वाजवणार होते, कशीबशी आवरली.

"पेटी काढा," मी रावांना म्हटलं.

राव कासावीस झाले. "मीटरला सील आहे हो. मीच त्या खात्यांतला. मीच सील तोडलं तर?" घरात साप, माहेरी बायको, आणि हा सज्जन माणूस सील काढणारा माणूस आणायला रीतसर कचेरीत गेला! फोन तसाच चार्जरला लावून. अम्मा पीठभरल्या रिकाम्या दाराकडे एकदाच बघून आत गेल्या होत्या आणि भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या होत्या. मी पेटीखाली उशीचा अभ्रा घेऊन एकटी पहाऱ्याला.

दूधवाला आला. त्यानं दार बघितलं, खांद्यावरचा टॉवेल काढून हातात घेतला, पिशव्या अलगद ठेवल्या आणि घंटी न वाजवता गेला. मला त्याचं काही वाटलं नाही. मग फुलवाली आली, थबकली आणि भराभर बसच्या थांब्याकडे चालती झाली. मग शेजारची सेल्वी आली. तिनं दारातूनच गळा काढला, "वासल्ल कोलम काणोम!" दारात कोलम नाही. मी तिला हातानं थांबवलं. पिठावर पाय पडला असता ना! तोंडावर बोट ठेवून गप्प राहा अशी खूण केली. ती पांढरीफटक पडली. हळूच म्हणाली, "अम्मा?"

मला तमिळचं एक अक्षर येत नाही. अम्मा आडव्या झाल्यात, एवढंच मला सांगायचं होतं. मी गालाला हात लावला, मान कलती केली आणि डोळे मिटून दाखवले.

झालं! सेल्वीनं छाती बडवून असा हंबरडा फोडला की नारळीवरचे कावळे उडाले. बघता बघता पाच-पंचवीस माणसं गोळा झाली. कुणी बाक आणला, कुणी मडकं कुठं मिळेल ते विचारायला लागलं. मी "नाही, नाही" म्हणतेय मराठीत, आणि एक बाई माझ्या गळ्यात पडून माझंच सांत्वन करतेय.

त्या गलबल्यानं अम्मा बाहेर आल्या. केस मोकळे, चेहरा झोपेनं सुजलेला. "काय आरडाओरड?"

सेल्वी पुन्हा किंचाळली, ती आता भुताला बघून. मग तिनं अम्मांना चाचपून बघितलं, मग हसायला लागली, आणि मग सगळेच हसायला लागले. हसल्या नाहीत त्या फक्त अम्मा. मला म्हणाल्या, "माझ्या वासलींत मला मेलेली केलीस." त्या हसण्यात मला शरमेनं तोंड लपवायला जागा नव्हती.

राव आले ते गर्दी बघून मोपेड टाकूनच धावत. अम्मा उभ्या दिसल्यावर ओट्यावर मटकन बसले. त्यांच्याबरोबरच्या माणसानं रीतसर सील काढलं, पेटी उघडली, आणि मागं वेटोळं करून तो बसला होता. माझ्या वाळूतल्या सगळ्या रेघा एकीकडे आणि ते वेटोळं एकीकडे. पट्टे मानेपासून ठळक, शेपटीकडे विरलेले. कवड्या! मी त्याला काठीच्या टोकानं हळूच अभ्र्यात उतरवलं. गाठ मारली. मागं वळून "कवड्या आहे हो!" म्हणून ओरडणार, तोच रिक्षा येऊन थांबली.

मंजुळा. पायांत चप्पल नाही, केस विंचरलेले नाहीत, बाळ खांद्यावर. बसमधून उतरलेल्या फुलवालीनं तिच्या गल्लीत बातमी नेली होती. इथला फोन कुणी उचलत नव्हतं. तिनं रिकामं दार पाहिलं, माणसं पाहिली, आणि "अम्मा" म्हणून जी धावली ती पिठावरून, माझ्या सगळ्या रेघांवरून, आणि समोर उभ्या असलेल्या अम्मांवरच जाऊन आदळली.

अम्मांनी तिला धरलं. पहिलं वाक्य काय बोलावं त्यांनी? "लेंकराला टोपडं कोठें? उन्हांत असंच आणलीस?"

मंजुळा रडत होती, हसत होती, अम्मांच्या दंडाला चिमटे काढून बघत होती. हळूहळू माणसं पांगली. मला राहवेना. मी अभ्रा उंच धरला. "मंजुळा, हा बघ. बिनविषारी. पाली खायला यायचा. आता निर्धास्त राहा."

तिनं अभ्र्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती अम्मांपासून दूर झाली आणि तिचा चेहरा एकदम कठीण झाला.

"सापाला भिऊन मी गेले नाही," ती अम्मांना म्हणाली. "मी ओरडले तेव्हां तुम्ही झोळीच्या शेजारी होतां. माझ्यापेक्षां जवळ. तुम्ही बाळाला उचललं नाहींत. सापाला हात जोडून उभ्या राहिलांत. मी पाहिलं. मला वाटलं, ह्या घरीं माझ्या बाळापेक्षां साप मोठा."

रावांनी मान खाली घातली. हे त्यांनाही माहीत नव्हतं, चेहऱ्यावरून दिसत होतं.

अम्मा म्हणाल्या, "हात जोडले. हो. काय मागत होते, विचारलीस कां?"

मंजुळेनं बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"तो झोळीच्या दोरीपाशीं आला होता. हात पुढें केला असता तर तो खालीं पडला असता, लेंकरावर. मणून हलले नाहीं. हात जोडून सांगत होते, मी म्हातारी आहे, माझं असकं झालं, मला घे. ह्याला शिवूं नको. मला घे." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "तेवढ्यांत तूं आलीस आणि उचलून नेलीस."

मी हजारो साप पाहिलेत, पण सापाच्या समोर इतक्या जवळ, हलायचं नाही असं ठरवून उभं राहिलेलं माणूस मला आठवत नाही. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. अभ्र्यात तो बिचारा वळवळत होता आणि मी त्याला उगी उगी करत होते.

"मग इतके दिवस सांगितलं कां नाहीं?" मंजुळेनं विचारलं.

"तूं गेलीस," अम्मा म्हणाल्या. "कोणास सांगूं?"

मंजुळा तिथंच उभी राहिली. बाळ रडायला लागलं होतं. तिनं त्याला खांद्यावरून उतरवलं, क्षणभर दोन्ही हातांवर धरून ठेवलं आणि मग अम्मांच्या पुढे केलं.

"धरा," ती म्हणाली. "माझे हात दुखतात."